नंदिनीनं बर्गर मागितला

धरमपेठ, नागपूर

नंदिनीचे बाबा,
तुमच्या जयवंताचा मनापासून जय भीम.

नंदिनी बरी आहे, काळजी करू नका. फोनवर बोलताना ती बाजूलेच असते, म्हणून लिहून राहिली. पोटातलं बाळ गेल्यापासून धड जेवत नव्हती. काल अचानक म्हणाली, "आई, घरी बर्गर करून दे ना वं."

जावईबापूंनी पाव आणले. मी मटणाच्या खिम्याची टिक्की केली, तर तिले वासच सहन झाला नाही. मग चिकनच्या खिम्यात आलं-लसूण, कांद्याची पात घालून खरपूस भाजली. वर तळलेलं अंडं, काकडी अन् आपला ठेचा. अर्धा खाल्ला! मले हायसं वाटलं.

तेवढ्यात म्हणाली, "बाळाले आवडला असता का वं?"

मी उगाच दुसरी टिक्की तव्यावर टाकली. ती पहिल्यांदाच रडली, अन् रडता रडता उरलेला अर्धाही खाल्ला.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरून राहिली. तुमचा गुडघा कसा आहे? बकऱ्यांकडे पाहायले शेजारच्या सिंधूताईले सांगा अन् तुम्ही इकडे या. नंदिनी बोलावत नाही, पण दार वाजलं की म्हणते, "बाबा आले का?"

वाट पाहणारी,
जयवंता