पंधरावं तत्त्व

३ जुलै

श्री. भाऊजींस,
स. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसाल. पण फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं करता आणि मला सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय आजचं गाऱ्हाणं कागदावरच मांडण्यासारखं आहे.

संध्याकाळच्या कॉलेजात मी व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीला बसले, तेव्हा माझी लेक म्हणाली होती की आता आईची तक्रार घेऊन वर्गशिक्षिकेकडे मी जाणार. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. हिशेबाच्या पेपरला वर्गातली पोरं चळाचळा कापतात, त्यात मी पास. कायदा, बाजारपेठ, सगळ्यांत पास. आणि नापास कशात? व्यवस्थापनाच्या तत्त्वांत! ज्या विषयात मला झोपेतून उठवून विचारावं, त्यातच माझी दांडी उडाली.

तुम्ही ह्याच पदवीचा अभ्यास करत होतात तेव्हा मी नवी सून होते. तुम्ही खोलीत येरझारा घालत पाठ म्हणायचात, आणि मी चौकटीला टेकून, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात भाजीची सुरी, अशी तुम्हाला प्रश्न विचारायचे. श्रमविभागणी, अधिकार आणि जबाबदारी, हुकूम एकाचाच असावा, सगळी तत्त्वं मी तेव्हाच पाठ केली. आणि पंधरावं तर माझं लाडकं. काम जो करतो, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या कामाचं काही ठरवू नये.

पेपरात प्रश्न होता, कोणतीही चार तत्त्वं स्वानुभवातून स्पष्ट करा. मी पंधराव्यापासूनच सुरुवात केली. का नाही करणार? धुलाई कारखान्यातला माझा सगळा विभाग मी त्याच्यावर चालवते. हॉस्पिटलच्या चादरी आधी घ्यायच्या की हॉटेलचे टॉवेल, हे मी इस्त्रीच्या रोलरवरच्या बायकांना विचारून ठरवते, कारण तो रोलर केव्हा तापतो आणि केव्हा रुसतो ते त्यांनाच ठाऊक. लिहिता लिहिता पुरवण्या लागल्या आणि बाकीच्या तत्त्वांना वेळच उरला नाही. काल उत्तरपत्रिका पाहिली. सगळ्या पानांवर लाल तिरकी रेघ आणि खाली शेरा, की असं तत्त्व नाही.

भाऊजी, हा पेपर मला सोडता येत नाही. थोरल्या मालकांच्या जागी आता त्यांची मुलगी बसते. बाई चांगली आहे, पण तिनं स्पष्ट सांगितलंय की विभागप्रमुखाला पदवी हवी. वर्षअखेरीपर्यंत दाखवली तर खुर्ची माझी, नाहीतर बाहेरून माणूस येणार. तेव्हा तुमच्या त्या निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकातलं पंधराव्या तत्त्वाचं पान मला ताबडतोब पाठवा. फेरतपासणीचा अर्ज करते आणि सरांच्या टेबलावर ते पान आपटते.

जाऊबाईंना नमस्कार. लोभ आहेच, पान आलं की दुप्पट होईल.

तुमची,
वहिनी


१४ जुलै

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि ती खोलीच डोळ्यांपुढे उभी राहिली. खिडकीजवळचं डुगडुगणारं टेबल, त्याच्या पायाखाली घडी करून घातलेला कागद, आणि दारात तुम्ही. माझा एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी तुम्ही पुढचा प्रश्न विचारत नव्हतात. हातात सुरी घेऊन पाठ घेणारी मास्तरीण जगात दुसरी नसेल. नापास व्हायची माझी छातीच नव्हती.

दादा रेडिओचा आवाज बारीक करून बसायचा आणि मधूनच ओरडायचा, की व्यवस्थापन पुरे, आधी जेवणाचं बघा. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्याचा तो आवाज मला अजून हुबेहूब ऐकू येतो. परवा सहज हिला म्हटलं, की माझे सुखाचे दिवस कोणते विचारशील तर तेच. ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आता पुस्तकाचं. ते माळ्यावरच्या गठ्ठ्याबरोबर केव्हाच रद्दीत गेलं असणार. आणि माझं ऐकाल तर फेरतपासणीच्या भानगडीत पडू नका. ही कामं रेंगाळतात, सरही मनात अढी धरतात. ऑक्टोबरात परीक्षा आहेच. फॉर्म भरा, चौदा तत्त्वं लिहा आणि मोकळ्या व्हा. पंधराव्याचा एवढा आग्रह कशाला?

इकडे बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यापेक्षा कमीच. तुमची माया आहे तशीच राहो.

तुमचा,
भाऊजी


२ ऑगस्ट

श्री. भाऊजींस,
स. न. वि. वि.

कॉलेजात असताना एका गुणासाठी परीक्षकाच्या घराची घंटा वाजवून आलेला माणूस मला सांगतो, की सोडून द्या! तेव्हाच ओळखलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

माझ्या शेजारी वर्गात एक चष्मेवाली मुलगी बसते, माझ्या लेकीहूनही लहान. तिला घेऊन ग्रंथालयात गेले. तिनं मागच्या कपाटातून जुनी आवृत्ती शोधून काढली, तोच निळा पुठ्ठा. चौदा तत्त्वं आणि लगेच पुढचं प्रकरण. पान फाटलंय का म्हणून मी शिवण उजेडात धरून पाहिली. मग सरांकडे गेले. ते चिडले नाहीत, उलट कुतूहलानं विचारत होते की हे तुम्हाला कुणी शिकवलं. मान खाली घालून बाहेर आले आणि जिन्यातच बसले.

तिथे बसल्या बसल्या सगळं आठवलं. सासूबाईंनी मला न विचारता पाहुण्यांना मुक्कामाला बोलावलं होतं. मी दिवसभर शेगडीपुढे उभी, पाय सुजलेले. आणि रात्रीच्या पंगतीत तुम्ही एकाएकी घसा खाकरून मोठमोठ्यानं उद्याचा धडा म्हणायला लागलात, आणि त्यात हे तत्त्व आलं. पुस्तक त्या वेळी माझ्या हातात नव्हतं. तुमचे दादा घास हातातच धरून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा मला विचारायला आल्या, की अजून दोघं आले तर झेपेल का. मला वाटलं, छापील शब्दाला केवढा मान देतात ह्या!

म्हणजे ते पुस्तक नव्हतंच, तुम्ही होतात. राग कशाचा आलाय सांगू? तुम्हाला माझी कीव आली आणि तुम्ही ते रचलंत. आणि मी खुळी त्यावर घर चालवलं, विभाग चालवला, वर पेपरही लिहिला. बाकी सगळं मी त्या मुलांसारखंच घोकलेलं आहे. माझं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं, तेही कुणीतरी दयेनं हातावर ठेवलेलं निघालं.

फॉर्मची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. मी भरणार नाही. मालकीणबाईंना सोमवारी सांगून टाकते, की माणूस शोधा.

लोभाचं काय ते तुम्हीच ठरवा.

वहिनी


७ ऑगस्ट

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

मालकीणबाईंशी अजून बोलल्या नसाल तर बोलू नका. बोलल्या असाल तर परत जाऊन सांगा, की दिराचं डोकं फिरलंय म्हणून घाईत बोलले.

कीव? कीव करायला माणूस वरच्या पायरीवर असावा लागतो. मी तर तुमच्यापुढे रोज अडखळणारा पोरगा. त्या दिवशी मला राग आला होता. अख्खी दुपार मी पलंगावर लोळत श्रमविभागणी घोकत होतो, आणि भिंतीपलीकडे सगळे श्रम एकट्या तुमच्या वाट्याला आले होते. आईच्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून पुस्तकाआडून बोललो. गेल्या पत्रात टाळाटाळ केली, कारण तुम्ही ते पान इतक्या हक्कानं मागितलंत की नाही म्हणायला जीभ रेटेना.

आणि आईला फसवलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिनं मला गाठलं आणि पान दाखव म्हणाली. पान नाही, हे मी कबूल केलं. ती म्हणाली, की थाप मारलीस ती मारलीस, पण अक्कल वापरून मारलीस. मग पदर खोचला आणि तुमच्याकडे विचारायला आली. तेव्हा छापील शब्दाला मान दिला वगैरे काही नाही, वहिनी. पान नाही हे पक्कं माहीत असूनही ती आली.

मी ते वाक्य एकदा बोललो आणि हात धुऊन उठलो. पुढे त्याचं काय झालं ते मला तुमच्या जुलैच्या पत्रात कळलं. रोलरवरच्या बायकांना विचारून चादरी लावायच्या, हे मला सुचलं नव्हतं आणि सुचलंही नसतं. पाठांतर माझं होतं. हे तुमचं आहे, आणि ते तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, मीसुद्धा नाही.

परीक्षेत मात्र कृपा करून चौदाच लिहा.

ऑक्टोबरात रजा टाकली आहे. तिकीटही काढलंय. या खेपेला पुस्तक मी धरतो. सुरी तुमच्याकडेच राहू दे, मला भाजी चिरता येत नाही.

फॉर्म भरा, वहिनी. हात जोडून सांगतो.

तुमच्या मायेचा भुकेला,
भाऊजी


३० ऑगस्ट

श्री. भाऊजींस,
स. न. वि. वि.

फॉर्म भरला. खिडकी बंद व्हायच्या आत पोचले. रागातच भरलाय, हे लक्षात असू द्या. मालकीणबाईंशी बोलले नव्हते. सोमवारी बॉयलर बिघडला आणि बोलायला सवडच झाली नाही.

येताना पांघरूण आणू नका, इथे चादरींना तोटा नाही. बाकी भेटीत भांडू.

वहिनी


१९ डिसेंबर

श्री. भाऊजींस,
स. न. वि. वि.

पास झाले. फोनवर ऐकलंत तेव्हा तुम्ही बरं बरं सोडून चक्क ओरडलात, ते जाऊबाईंनी मला नंतर वेगळा फोन करून सांगितलं. म्हणाल्या, शेजारी काय झालं म्हणून धावत आले.

तुम्ही गेल्यापासून घर जरा मोठं वाटतंय. अभ्यास घ्यायला आलात आणि पहिल्याच संध्याकाळी नियंत्रणाच्या प्रकरणावर पुस्तक छातीशी धरून घोरायला लागलात. मी तुमचा चष्मा काढून ठेवला, पुस्तक हळूच ओढून घेतलं, आणि प्रश्नही मीच विचारले, उत्तरंही मीच दिली. तरी समोर तुम्ही होतात म्हणून बरं वाटत होतं. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, काकांनी अधिकार सोपवण्याचं प्रात्यक्षिक दिलं असेल.

मालकीणबाईंनी काल नेमणुकीचं पत्र हातात दिलं. आता मी कायमची विभागप्रमुख. खोली मिळालीय, खुर्चीही चांगली फिरती आहे, पण तिथे बसलं की रोलर दिसत नाही. म्हणून खुर्ची उचलून बाहेर आणवली. रोलरवरच्या बायका म्हणाल्या, की आता आमच्या मानगुटीवर बसणार का? मी म्हटलं, हो.

आता एक गोष्ट सांगते. ती मी तुमच्या दादांनाही कधी सांगितली नाही. तुमचा निकाल लागला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. सासूबाई येईल त्याला कौतुकानं सांगत होत्या, की दिराच्या यशानं सुनेला भरून आलंय. भरून आलं होतं, ते खोटं नाही. पण तुम्ही पास झालात आणि संध्याकाळी पुस्तकं दोरीनं बांधून माळ्यावर गेली. तुमचा अभ्यास संपला तसा माझाही संपला होता, भाऊजी, आणि मला कुणी परीक्षेला बसवलंच नव्हतं.

परवा कॉलेजात निकालाच्या फलकापुढे ती चष्मेवाली माझ्या गळ्यात पडून रडली. मला रडू आलं नाही. मी आपली हसत उभी होते. शिपाई दिवे मालवायला आला तेव्हा त्यानं विचारलं, की बाई, मुलीचा निकाल बघायला आलात का? मी म्हटलं, नाही, माझा. त्यानं परत दिवा लावला आणि म्हणाला, बघा मग सावकाश.

लोभ आहेच. तो कमी होईल ही भीती आता नाही.

तुमची,
वहिनी