दोनशे चाळीस पिवळ्या पाकळ्या

१ मार्च
संकल्प. लेक आणि नात एकवीस तारखेला येणार. तोवर दारावर चाळीस डॅफोडिल्सची माळ, कागदाची, माझ्या हातची. एका फुलाला सहा पाकळ्या. रोज वीस कापल्या तरी बारा दिवसांत उरकेल.
गेल्या वर्षी दोघी धाकटीकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे उतरल्या. म्हणे तिचं घर प्रसन्न वाटतं. यंदा कळेल प्रसन्न कशाला म्हणतात.

२ मार्च, सकाळ
क्रेप पेपर आणला. वास तोच! कॉन्व्हेंटमधल्या हस्तकलेच्या खोलीतल्या उंच खिडक्या, सिस्टरच्या पांढऱ्या बाहीला लागलेला डिंक. वसंतातल्या खिडक्या सजवायच्या स्पर्धेत आमच्या वर्गाची खिडकी पहिली आली होती. फुलं सगळी माझी. धाकटी मधल्या सुट्टीत येऊन पाकळ्या तेवढ्या कापून द्यायची. कापणं काय, कोणीही कापतं.

५ मार्च
सुरुवात नाही. कात्रीची धार गेली. ह्यांनी त्याच कात्रीने दुधाच्या पिशव्या कापल्या. या घरात कलेला किंमत नाही.

९ मार्च
एका बैठकीत एकशे दहा. अंगठ्यांनी हलकेच ताणलं की पाकळी वाटीसारखी फुगते. पाकळीला श्वास घेऊ द्या, असं सिस्टर म्हणायच्या. ही फुगत नाही, फाटते. हल्लीच्या कागदात जीव नाही.

१० मार्च
वरच्या मजल्यावरची टेलरीण उशांचे अभ्रे द्यायला आली. पाकळी उजेडात धरून म्हणाली की काकू, चुण्या आडव्या आल्यात, कागद उभा धरून कापायला हवा होता. मी सांगितलं, बाई, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. त्यावर म्हणते, असाल, पण कागद आडवाच आहे.
अभ्रे तिने तिरके शिवलेत. मोजून पाहिले. सरळ आहेत. पण वाटतात तिरके.

१४ मार्च
लेकीचा फोन. दमू नकोस म्हणाली, कुठे राहायचं ते आम्ही बघतो म्हणाली. म्हणजे इथेच. मागची खोली झाडली, नव्या चादरी घातल्या. ह्यांनी विचारलं, इथे असं ती म्हणाली का? या माणसाला आडून बोललेलं कधी कळलंच नाही.

१८ मार्च
दोनशे चाळीस पूर्ण. फुलं तारेवर बांधली. हे आत आले आणि केळ्यांची सालं कशाला टांगलीस, असं विचारून हसले. मग माझा चेहरा पाहून चहा करायला गेले. चहा देताना म्हणाले, धाकटीला एक फोन कर, तिचा हात चांगला आहे.
सात वर्षं आम्ही बोलत नाही. आईच्या आजारपणात ती मला जे बोलली ते मी विसरलेले नाही. नेमके शब्द आठवत नाहीत, पण विसरलेले नाही.

२१ मार्च, सकाळी ९
माळ लावली. तीन फुलं गळली, सदतीसही पुष्कळ आहेत. लांबून छान दिसतात.

दुपारी ४
रस्त्यात अडकल्या असतील.

संध्याकाळी ७
आल्या, पाऊण तास बसल्या, गेल्या. बॅगा धाकटीकडेच. लेक म्हणाली, आई, रागावू नकोस, तुझ्याकडे आलं की आपलं काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. मी म्हटलं, चुकतंच तर आहे. ती माळेखालून वाकून आली, वाकून गेली. वर पाहिलं नाही.
नातीने पाहिलं. विचारलं, आजी, ही सुकलेली का लावलीस? मग आपल्या पिशवीतून एक फूल काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, मावशीआजीने काल शिकवलं.
काल. म्हणजे कालच आल्या होत्या.

२२ मार्च
माळ उतरवली. मागच्या खोलीतल्या चादरी तशाच घडी घालून ठेवल्या, धुणं वाचलं.
हे बाहेर गेल्यावर नातीचं फूल उजेडात धरून पाहिलं. सहाही पाकळ्या वाटीसारख्या. चुण्या उभ्या.
धाकटीला कागद चांगला मिळाला, इतकंच. तिला सगळं चांगलंच मिळत आलंय.