त्रापेझूस सोडताना

बंदरावरून,
द्राक्षतोडणीचा महिना, अमावास्येनंतरचा तिसरा दिवस

थ्रासेआसदादा,

तुझ्यावर आणि वहिनीवर देवांची कृपा असो. आई बरी आहे. गुडघे धरतात, पण दोन घास जेवते. काळी शेळी वाटेतच व्याली, दोन्ही करडं जगली. वारा फिरला की जहाज सुटेल. काळ्या समुद्रावर आपल्या गावाच्याच नावाचं गाव आहे, तिथले लोक आम्हाला ठेवून घेणार आहेत. मूळपुरुष एकच, म्हणजे भाऊबंदच, असं म्हणाले.

बाबांना समजाव, असं तू लिहिलं होतंस. मी समजावलं. तुम्ही राहायला गेलात त्या नव्या मोठ्या शहराला तटबंदी आहे, स्पार्टाची भीती उरणार नाही, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आणि मूळपुरुष त्रापेझेउसच्या थडग्यावर दूध कोण ओतणार?"

मग तुमचा दूत आला. इतकी गावं मुकाट उठून आली, तुमचंच काय अडतं, असं विचारू लागला. भर सभेत त्याने टोमणा मारला. लिकाओन राजाने देवाला नरमांस वाढलं, देवाने मेज उलथून टाकलं, त्या जागेवर तुमचं गाव. मूळपुरुष कोण, तर त्याच राजाचा मुलगा. कसला एवढा अभिमान?

बाबा उठले. म्हणाले, "बापाने पाप केलं तिथेच मुलाने चूल पेटवली आणि राहिला. तोंड लपवून पळाला नाही. म्हणून आम्ही त्याला पुजतो."

त्यानंतर जाण्याचं कोणी नाव काढलं नाही. पुढचं तुला ठाऊक आहे. मी ते लिहिणारच नव्हते.

तुमचे लोक चालून आले तेव्हा आम्ही बायका थडग्याच्या आवारात होतो. बाबा आवाराच्या दारात भाला घेऊन उभे होते. पहिल्या रांगेतल्या एकाला पाहून ते थबकले. शिरस्त्राणात तोंड दिसत नव्हतं, पण डावा पाय ओढत टाकायची ती ढब मीही ओळखली, दादा. बाबांनी भाला खाली केला. तुझ्या शेजारच्याने त्यांना भोसकलं. त्याच्या आधी तू हात वर केला होतास. त्याला अडवायला की वार करायचा इशारा द्यायला, ते मला कळलं नाही.

थडग्याच्या आवारात पाऊल टाकायला तुमच्यातला कोणी धजला नाही, म्हणून आम्ही वाचलो. बाबांना तिथेच भिंतीलगत पुरलं.

आईची दाराकडे पाठ होती, तिने काही पाहिलं नाही. तिला मी सांगितलं, मारणारे परके होते, दादा त्या दिवशी शहरात होता. गावातही कोणाजवळ बोलले नाही. ती रोज विचारते, थ्रासेआसला बाबांचं कळलं असेल का, किती रडला असेल.

उत्तर नव्या गावी पाठव. हात का वर केलास ते खरं सांगणार असशील, तर पत्र माझ्या नावाने लिही. खोटंच लिहावंसं वाटलं, तर आईच्या नावाने लिही. मी तिला वाचून दाखवीन. ती तुला आशीर्वाद देईल.

बाबांची मुलगी,
निकारेता