ओर्कांच्यात सासर नसतं

३ नोव्हेंबर
अव्वानं आज जेवताना लेकीच्या लग्नाचा विषय काढलाच — तिच्या भावाचा, मामाचा पोरगा शिवशरण! "तुझ्यावर पयला हक्क त्याचा हाय," म्हणे. हक्क? मी काय साखर कारखान्याचा शेअर हाय? कॉलेजला असताना शिवशरण इथंच, आमच्या उचगावच्या घरात राहिला. एका ताटात जेवलोय, केस ओढून भांडलोय. त्याच्याशी लग्न? छे!

५ नोव्हेंबर
एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ओर्कांचे, त्या काळ्या-पांढऱ्या देवमाशांचे, आवाज ऐकत बसले. कॅनडाच्या किनाऱ्याला पाण्यात माइक सोडून टिपलेत. कुठला आवाज कुठल्या घराण्याचा, ते ओळखायचं. मॅडम सांगत होत्या — तिथल्या कळपांत लेक काय, ल्योक काय, जन्मभर आईजवळच. जोडीदार दुसऱ्या कळपातला. कळप भेटतात, मग नर परत आपल्या आईकडं. सासर नाहीच! किती बरं!

अव्वाला सांगितलं तर म्हणते, "मग बरोबरच की! मामाचं घर म्हंजे आपलाच कळप."

अगं, आपल्याच कळपात ते जोडी जमवत नाहीत!

"माशांचं मला सांगू नगंस. आपण शिवत बी न्हाय मासं."



६ नोव्हेंबर
डोकं भणभणतंय. अव्वा चुकते का मी, तेच कळेना.

९ नोव्हेंबर
भांडण झालं. मी ओरडले — मला तुला सोडून कुठंच जायचं नाही, बास! भाकरी थापता थापता अव्वाचा हात थांबला.

"तुला तिथं दिली असती तर मला जायायला निमित्त झालं असतं," एवढंच म्हणाली.

तिथं अज्जी हाय, अव्वाची आई. आता अंथरुणातून उठवत नाही तिला. अप्पा अव्वाला दिवाळीला माहेरी पाठवतात आणि लगेच फोन — "कधी येतीस?" म्हणजे हे लग्न माझ्यासाठी नव्हतंच? का माझ्यासाठीही होतं? राग येतोय, आणि अव्वाचं वाईट पण वाटतंय.

१२ नोव्हेंबर
मामाला मीच फोन लावला. लग्न न्हाय करायचं म्हणून सांगितलं. पलीकडं मामाशेजारून शिवशरण ओरडला, "सुटलो बाबा!" — मेला! हसूच आलं. मग म्हटलं, मामा, अव्वाला अज्जीजवळ ऱ्हाऊ द्या की.

"तिला बोलवायला लागतंय व्हय? गाडी धाडतो."

अप्पांना सांगितलं. "किती दिवसांसाठी?" म्हणाले.

१४ नोव्हेंबर
अव्वा गेली. कपाटातल्या सगळ्या साड्या घेऊन गेली. परत कधी येणार, विचारलं. "बघू की," म्हणाली.