एका घरात दोन दहाव्या

वर्तकनगर, ठाणे
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुमती आत्या,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तू सांगितलंस तसं माझा फोन पप्पांच्या कपाटात गेला आणि हातात पेन आलं. बोर्डाला लिहिताना हात अडतो म्हणून दर पंधरा दिवसांनी पत्र. पहिल्या पानालाच बोटं दुखली, म्हणजे तुझं बरोबर होतं. कल्याणला माझं अक्षर वाचून हसू नकोस.

सत्र परीक्षेत विज्ञान भाग एकला चाळीसपैकी सदतीस आणि भाग दोनला अडतीस. वर्गात मीच पहिली. हे मला तुला स्वतः सांगायचं होतं, पण आईने लॅबमधून फोन करून आधीच सांगून टाकलं ना? वर स्वतःचं पण सांगितलं असणार. तिने बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, नववीत सुटलेली शाळा आता अडतिसाव्या वर्षी पूर्ण करणार, वगैरे. बाळकुमच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काचसामान धुते, नळ्या लावते. दहावी झाली तर नमुने नोंदवायच्या टेबलवर बसवतील, असं तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्यात. चांगलंच आहे ते. मी वाईट कुठे म्हणते?

फक्त ती माझ्या समोरच बसते गं, आणि मोठ्याने वाचते. मी रासायनिक समीकरण सोडवत असते आणि ही समोरून विचारते की पेशीला डोळे नाहीत तर कुठे विभागायचं ते तिला कसं कळतं. पप्पा कौतुकाने बघत बसतात. माझ्याकडे असं कोणी कधी बघितलेलं मला तरी आठवत नाही.

आणि तू तिचा प्रश्न तुझ्या वर्गात वाचून दाखवलास, हे खरं का? जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठत नाही आणि लाल टोपणाच्या नळीत का गोठतं, तो? आईने मला तीनदा सांगितलं. मी सहावीपासून तुला प्रश्न विचारते. माझा एकतरी वाचलास का?

मामांना जयभीम. पत्राची वाट बघते.

तुझीच (अजून तरी),
समीक्षा


कोळसेवाडी, कल्याण पूर्व
२० ऑक्टोबर २०२४

चि. समीक्षास,
अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. गुणांचा आनंद झाला. अक्षर मात्र मुंग्यांची रांग मोडल्यासारखे आहे, ते सुधार.

होय, मायाचा प्रश्न मी वर्गात वाचला. अगं, तीस वर्षे शिकवते आहे, पण असा प्रश्न एकाही मुलाने विचारला नव्हता. त्या नळीत आधीच एक रसायन असते, ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. हे मलाही पुस्तक काढून पाहावे लागले. तुझी आई बघून शिकते आणि तू वाचून शिकतेस. तिच्यापासून हे घेण्यासारखे आहे.

तिला भाग एकमधले विद्युतधारेचे परिणाम जड जातात असे ती म्हणाली. तू तिला शिकव. दुसऱ्याला शिकवले की आपले पक्के होते. माझी एक भाची आणि एक वहिनी, दोघी एकाच वर्षी दहावी होणार, हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून टाकले आहे. दोघींत कोण पुढे जाते ते बघू, असे आमचे गणिताचे सर म्हणतात.

तब्येत सांभाळ, डोळ्यांवर ताण देऊ नकोस.

तुझ्या यशाकडे डोळे लावून बसलेली,
सुमती आत्या


वर्तकनगर, ठाणे
५ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम, वि. वि.

मधे दोन पत्रं चुकली. राग नको. सराव परीक्षा होती, आणि खरं म्हणजे लिहावंसं वाटत नव्हतं.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा दुसरा नंबर आला. कोलशेतच्या खाडीचं पाणी आणून उन्हाच्या उष्णतेवर त्यातलं मीठ वेगळं करायचं मॉडेल केलेलं. काच मीच कापून आणलेली, सगळ्या शाळा बघायला आलेल्या. बाईंनी सांगितलं, तीन तारखेला विहारात सावित्रीबाईंची जयंती आहे, तिथे तुझं नाव देते. मी आईची पांढरी साडी नेसून गेले. पहिल्या रांगेत बसलेली.

आत्या, नाव पुकारलं ते आईचं. घर, नोकरी सांभाळून दहावीला बसणारी महिला म्हणून. शाल दिली, पुष्पगुच्छ दिला, अध्यक्षबाईंनी तिला मिठी मारली. आईला बोलायला सांगितलं तर ती इतकंच म्हणाली की माझ्या मुलीमुळे मी अभ्यास करते, आणि लोकांनी अजून टाळ्या वाजवल्या. माझं मॉडेल कोणाला आठवलंच नाही. माझ्या शेजारची काकू मला म्हणाली की तुझ्या आईकडून शीक जरा. मी हसले. हसताना गाल दुखतात हे मला तेव्हा कळलं.

मी अभ्यास करते त्यात नवल नाही. मी पहिली येते त्यातही नाही. तिला पस्तीस मिळाले तरी ती मोठी आणि मला पंचाण्णव मिळाले तरी ते ठरलेलंच. मी काय केलं म्हणजे तुम्हाला नवल वाटेल?

घरी आल्यावर तिने शाल खुंटीवर ठेवली आणि लगेच पुस्तक घेऊन बसली. म्हणाली, समू, मोटरचा तो हातांचा नियम एकदा समजावून सांग. मी सांगितलं. तू म्हणालेलीस ना, शिकव म्हणून. शिकवलं.

आता थांबते.

समीक्षा


वर्तकनगर, ठाणे
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईंस,
सविनय जयभीम, वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर पोटात घाला. समू शाळेच्या जादा तासाला गेलीय, म्हणून बसलेय. फोनवर हे बोलले असते, पण भिंती पातळ आहेत.

काल आमच्या केंद्रावर प्रात्यक्षिक झालं. लिटमस, भिंगं, सगळं नीट झालं. भिंगाचं तर मला आवडलं पण. तोंडीला सर चांगले होते. त्यांनी मला फ्लेमिंगचा मोटरचा नियम विचारला. मी उजवा हात पुढे केला आणि धडाधड सांगितलं. सर म्हणाले, ताई, मोटरला डावा हात, उजवा जनित्राला. मी म्हटलं नाही सर, उजवाच. ताई, मी वाद घातला हो सरांशी! बाजूला मुलं उभी होती, माझ्या निम्म्याहून लहान. ती हसायला लागली. सरांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. पुढचे दोन प्रश्न येत होते तरी तोंड उघडलं नाही.

माझ्याही पुस्तकात डावाच छापलेला होता. मी समूला तेव्हाच विचारलेलं. ती म्हणाली की छपाईची चूक आहे, शाळेत बाईंनी सगळ्यांना दुरुस्त करायला लावलं. म्हणून मी पेनाने डावा खोडून उजवा केला. तिच्यासारखी हुशार मुलगी सांगते म्हटल्यावर पुस्तकाचं कशाला ऐकायचं? माझंच काहीतरी ऐकण्यात चुकलं असेल. दिवसभर काम करून डोकं जागेवर नसतं.

तुम्हाला एवढ्यासाठी लिहिलं की हे समूच्या कानावर घालू नका. आपल्यामुळे आईचं हसं झालं असं तिच्या मनाला लागेल, आणि पेपर पंधरा दिवसांवर आलेत. फक्त मला एवढं कळवा की ते दुरुस्त केलेलं परत खोडू का? पेपरात काय लिहू?

तुमच्या भावाला पगारी सुट्टी मिळाली की कल्याणला येऊ. माया कमी होऊ देऊ नका.

आपली,
माया


कोळसेवाडी, कल्याण पूर्व
१३ फेब्रुवारी २०२५

समीक्षास,

एकच प्रश्न विचारते. विद्युत मोटरला कोणता हात? नियम पूर्ण लिही, आणि तीन जानेवारीला तू आईला जो सांगितलास तोही त्याखाली लिही.

उत्तर परतीच्या टपालाने हवे.

सुमती आत्या


वर्तकनगर, ठाणे
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

डावा. तर्जनी चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने, मधलं बोट विद्युतधारेच्या दिशेने, अंगठा वाहकावरच्या बलाच्या दिशेने. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

तिला मी उजवा सांगितला. मुद्दाम. गडबडीत नाही. तिने पुस्तक दाखवलं तेव्हा मला थांबता आलं असतं. मी छपाईची चूक म्हणाले. तिने पेन घेतलं, जीभ दातात धरून नीट खोडलं, वर नवीन अक्षर काढलं, आणि मला थँक्यू म्हणाली. मला तेव्हा बरं वाटलं. हेच सगळ्यात वाईट आहे आत्या, मला खरंच बरं वाटलं. एक गोष्ट तरी होती जी मला येते आणि तिला येत नाही.

मला वाटलं, पाचसहा दिवसांनी सांगून टाकू. मग रोज वाटायचं, उद्या. प्रात्यक्षिकावरून आली ती चहा न पिता भांडी घासायला बसली. मला कळलं. मी विचारलं नाही.

तुला कोणी सांगितलं? तिनेच ना? मग तिला कळलंय का, की मी मुद्दाम केलं?

तू आता माझ्याशी बोलणार नाहीस, असं वाटतंय.

समीक्षा


कोळसेवाडी, कल्याण पूर्व
२० फेब्रुवारी २०२५

चि. समीक्षास,
अ. उ. आ.

बोलणार आहे. रागावलेही आहे. दोन्ही एकाच वेळी होऊ शकते.

तुझ्या आईला काही कळलेले नाही. आपण ऐकताना चुकलो, असे ती समजते, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून तुला सांगू नका असे तिने मला कळवले आहे. तिचा शब्द मी आज मोडते आहे, कारण गप्प राहिले तर तुझ्या खोटेपणात मीही सामील होईन. मोटरला डावा हात, एवढे मी तिला कळवले आहे. बाकीचे तू सांगायचे. विज्ञानाचा पेपर व्हायच्या आधी, तोंडाने, तिच्यासमोर बसून. चिठ्ठी लिहून उशीखाली ठेवायची नाही.

आता माझे. दोघींत कोण पुढे जाते बघू, हे मी तुला लिहिले, आणि ते वाचून तुला काय होईल याचा विचार केला नाही. त्यातही एक गोष्ट आहे. आपल्या घरात शिकलेली म्हणजे सुमती, असे इतकी वर्षे होते. तुझ्या पप्पांच्या लग्नानंतर माया माझ्या प्रयोगवह्या चाळत बसायची, तिला शिकायचे होते. मी एकदाही म्हटले नाही की फॉर्म भर, मी शिकवते. वेळ नव्हता, असे मी स्वतःला सांगत आले. वेळ होता. तेव्हा तुला उपदेश करायला मी फार उंचावर बसलेली नाही.

तुझे मॉडेल मी पाहिलेले नाही. सुट्टीत घेऊन ये. ते उन्हात ठेवू आणि मीठ निघेपर्यंत मी शेजारी बसेन.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
सुमती आत्या


वर्तकनगर, ठाणे
१८ मे २०२५

आदरणीय ताईंस,
सविनय जयभीम, वि. वि.

निकाल फोनवर कळवलाच. समूला विज्ञानात शंभरपैकी शहाण्णव, मला एकावन्न. मी पास झाले. एक तारखेपासून नोंदणीच्या टेबलवर बसायचं आहे. पंखा अगदी डोक्यावर आहे, एवढं सुख पुष्कळ झालं.

पण फोनवर बोलता येत नाही ते लिहायचं होतं. विज्ञानाच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी समूने मला सगळं सांगितलं. मी कणीक मळत होते. ती समोर येऊन बसली आणि एका दमात बोलली. मला माझ्याच मुलीची भीती वाटली हो ताई, पहिल्यांदा. दोन दिवस मी तिच्यासमोर अभ्यासाला बसले नाही. ओट्याजवळ उभी राहून वाचलं. ती पाण्याचा ग्लास आणून ठेवायची, मी घ्यायची नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं की तू मला मारत का नाहीस. मी म्हटलं, कारण मलाही सांगायचंय.

तीन जानेवारीला स्टेजवरून मला ती दिसलेली. माझी साडी नेसून बसलेली, चेहरा पडलेला. मला कळलं होतं की ती तिच्या नावाची वाट बघतेय. माईक माझ्या हातात होता. तिच्या मॉडेलबद्दल एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागला असता? नाही बोलले. मनात आलं, आजचा दिवस माझा असू दे. तिला बाक मिळाला, बाई मिळाल्या, वेळेवर डबा मिळाला, आणि मला नववीत घरी बसवलं. ती लहान होती तेव्हापासून तिचं दप्तर भरताना मला कधीकधी असं व्हायचं. पोटच्या पोरीचा हेवा, कोणाला सांगणार? तिला सांगितलं. ती रडली, मग मी रडले, आणि दूध उतू गेलं.

आता अकरावीला तिने सायन्स घ्यायचं ठरवलंय. परवा मला म्हणाली की तू पण पुढे शिक, माझ्याबरोबर सायन्सच घे, कुठे बाहेरून बसता येतं का बघू. मी म्हटलं, नको गं, एका घरात एक बस झाली. तर तिच्या तोंडावर असं हसू आलं की ते लपवायला तिला पाणी प्यायला उठावं लागलं. मला राग नाही आला. ग्लास घेऊन ती परत आली, आणि मग आम्ही दोघीच हसत बसलो. तुमचे बंधू विचारत होते काय झालं, आम्ही सांगितलं नाही.

एक काम होतं. तुमच्याकडे अकरावीचं जीवशास्त्राचं जुनं पुस्तक असेल, तर रविवारी हे येतील त्यांच्याकडे द्या. परीक्षा वगैरे काही नाही, मला नुसतं वाचायचं आहे. कागदात गुंडाळू नका. तिने बघितलं तरी चालेल.

आहात तशाच आमच्या राहा.

आपली,
माया