दोघांचं वेळापत्रक

मालवण,
१० जून १९६२

प्रिय सुगंधा,

तू माहेरी बांद्याला गेलीस त्याला आठवडा होऊन गेला. आई बरी आहे. काल तिने तिरफळं घालून बांगड्यांचं तिखलं केलं आणि सवयीने तुझंही ताट मांडलं. मग ते उचलून पुन्हा फळीवर ठेवलं.

आज स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं आपलं वेळापत्रक काढायला गेलो आणि वाचतच उभा राहिलो. मुंबईच्या संस्थेत संख्याशास्त्र शिकायचं, प्रवेश परीक्षा दोघांनी मिळून द्यायची, असं दिवाळीत ठरलं तेव्हा मी ते मोठ्या मास्तरकीच्या तोऱ्यात आखलं होतं. पहाटे बीजगणित, संध्याकाळी संभाव्यता, रविवारी एक अख्खी प्रश्नपत्रिका. मी सगळं पाळत होतो आणि तू मागे पडत होतीस, कारण माझ्या आखणीत चूल, विहीर, भांडी कुठेच नव्हती. माझ्याआधी ते आईला दिसलं. तुझ्या हातातला डाव काढून घेत ती म्हणाली, "गो सुगंधा, तू जा, बस थंय. भात माका रांदूक येता." बी.एस्सी. झालेली सून येणार म्हणून लग्नाआधी धास्तावलेली बाई ती हीच!

त्यानंतर तू जी सुटलीस, ती सुटलीसच. संभाव्यता मला काही केल्या उमजेना, तेव्हा तू माशांची पाटीच पुढ्यात ओढलीस. बांगडे इतके, सौंदाळे इतके, डोळे मिटून हात घातला तर काय हाती लागेल, सांगा. मी चुकत होतो आणि तू न रागावता पुन्हा विचारत होतीस. शाळेत मी पोरांना इतक्या मायेने कधी शिकवलेलं नाही.

एप्रिलमध्ये आगबोटीने मुंबईला निघालो, तेव्हा बोट लागून तू आडवी झाली होतीस. मी आपला धीर यावा म्हणून तुला सूत्रं विचारत होतो. तू डोळे न उघडता अचूक सांगत होतीस आणि मध्येच म्हणालीस, "अहो, आता तुम्ही सांगा." मला सांगता आलं नाही. निकाल काय लागणार ते मला तिथेच कळलं होतं गं.

निकालाची पाकिटं आली त्या दिवशी मी हसलो, ते खरं होतं. संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर एकटा जाऊन बसलो, तेही खरं. वाईट वाटलं ते माझी निवड झाली नाही याचं. तुझी झाली याचा मला आनंदच आहे. पण तू त्या दोन गोष्टींची गाठ मारलीस आणि सकाळच्या गाडीने बांदा गाठलंस.

बाजारात सगळ्यांना कळलंय. वाणसामान घेताना दाजींनी विचारलं, "मास्तर, बायलेक मुंबयक धाडतास, मगे रांदूक शिकलास मां?" मी म्हटलं, "शिकतंय." आई घरी हे ऐकून पोट धरून हसली. परवाची माझी आमटी तिने मुकाट्याने खाल्ली आहे.

पण काल तुझा भाऊ भिकाजी भेटला आणि हे पत्र लिहायला बसावं लागलं. तू जागा नाकारते आहेस म्हणाला. नवऱ्याला जे मिळालं नाही ते मी कसं घेऊ, असं तू त्याच्यापाशी रडलीस म्हणे. नकार कळवू नकोस. मी गुरुवारी येतो, बांधाबांध करून ठेव. आता पावसाळ्यामुळे बोट बंद आहे, तेव्हा कोल्हापूरमार्गे जाऊ. वसतिगृहाच्या दारापर्यंत मी येणार आहे. पुढच्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसेन. तोवर तिथलं सगळं शिकून ठेव, सुगंधा. तुझ्याइतकं नीट मला दुसरं कोणी समजावून सांगत नाही.

वाट बघ, येतोच आहे.

तुझाच,
गुरुदास