माझा शांत स्वभाव आणि दुसरी ‘ब’चं कपाट

१५ जून १९९८, सोमवार
फुलपाड्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, राग आला की बोलायचं नाही, लिहून काढायचं. बीपी वाढलंय म्हणे. वास्तविक मला राग येतच नाही. लोक मूर्खपणा करतात, मी तो दाखवून देतो, आणि विनया त्याला राग म्हणते. बायकोच्या समाधानासाठी लिहितो.

आज शाळा सुरू. आमची क्षितिजा दुसरी ‘ब’मध्ये गेली. येताना वर्गाच्या प्रिस्का टीचरांचा निरोप घेऊन आली. घरात असतील तर चिंचोके, जुन्या लग्नपत्रिका, रिकाम्या काडेपेट्या आणि पाठकोरे कागद पाठवा. ही शाळा आहे की रद्दीचं दुकान? हे मी अगदी शांतपणे विचारलं. तळमजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून वर आल्या, ती त्यांची सवयच आहे.

विनया लगेच माळ्यावरून पत्रिकांचा गठ्ठा काढायला निघाली. मी सांगितलं, या घरातून शाळेत कचरा जाणार नाही. विषय संपला.

१८ जून, गुरुवार
क्षितिजाला हातच्याची वजाबाकी येत नाही. आज समोर बसवलं. तेरातून आठ. तीनदा नीट समजावलं. चौथ्यांदा जरा स्पष्ट आवाजात समजावलं. ती रडायला लागली. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेलीय. दोष शाळेचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साधनंच नाहीत!

निश्चय: दुसरी ‘ब’ सुधारायची. म्हणजे वजाबाकी आपोआप येईल.

२७ जून, शनिवार
पालकसभा. प्रिस्का टीचर वसईजवळच्या उमेळ्याहून येतात. इतकं हळू बोलतात की समोरच्याने गप्पच बसावं लागतं. त्यांचं म्हणणं, शाळेकडून खडू आणि डस्टर मिळतं, बाकी आपलं आपण. पालकांनी जमेल तशी थोडी वर्गणी काढली तर वर्षभराची कार्डशीट, स्केचपेन, डिंक येईल. ज्यांना पैसे जमणार नाहीत त्यांनी घरातलं काही द्यावं, तेही चालेल.

मी उभा राहिलो. एकविसावं शतक दाराशी आलंय आणि आमची मुलं चिंचोके मोजणार का, असं विचारलं. टाळ्या पडल्या. (विनया म्हणते, लोक डास मारत होते. विरारमध्ये डास आहेत हे खरं, पण इतके एका वेळी कोणी मारत नाही.) टीचर मध्येच वर्गाच्या खोलीबद्दल काहीतरी सांगू बघत होत्या. मी म्हटलं, टीचर, तुम्ही फक्त शिकवा, बाकी आम्ही बघतो. त्या बसल्या.

पालक प्रतिनिधी म्हणून माझी बिनविरोध निवड. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, इतका दरारा. वर्गणी माझ्याकडे जमा झाली. फार नाही, पण वर्षभराची तीच.

स्टीवनचे वडील पॉल, टेम्पो चालवतात, ते म्हणाले, आमच्या वाडीत चिंच आहे, पोतंभर चिंचोके देतो की. मी म्हटलं, पोतं तुमच्याकडेच ठेवा. ते हसले. हसण्यासारखं काय होतं?

३ जुलै, शुक्रवार
विचार केला. लोक आधी सामान आणतात आणि मग ते ठेवायचं कुठे म्हणून बोंबलतात. आपलं उलट. आधी कपाट, मग सामान. याला नियोजन म्हणतात. आमच्या ऑफिसात जुन्या लोखंडी कपाटांचा लिलाव आहे. एक पडत्या भावात उचलायचं, उरलेल्या पैशांत उत्तम तक्ते, मणीपाट्या, सगळं.

वजाबाकी: प्रगती नाही. तेरातून आठ म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघते. पाटीकडे बघ म्हटलं तर डोळ्यांत पाणी. विनया म्हणाली, अहो, काही दिवस तिचा अभ्यास मी घेते. मी म्हटलं, उगाच लाड नकोत.

१० जुलै, शुक्रवार
लिलाव. कपाट हिरवं, पत्रा अस्सल, आतली एक फळी नाही, दाराला एक पोचा. कोणी घेणारं नव्हतं. एक भंगारवाला सोडून. मी बोली लावली की तो पाच वाढवायचा आणि पान चघळत माझ्याकडे बघायचा. भंगारवाल्याने मला बघून घ्यायचं? तेवीस वर्षं नोकरी केलीय मी या ऑफिसात! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जाऊ शकली असती. मी शांतपणे बोली वाढवत गेलो. शेवटी त्याने हात जोडले, घ्या साहेब म्हणाला.

जिंकलो.

वर्गणी संपली. थोडे पदरचे घातले. तक्ते वगैरे पुढच्या टप्प्यात.

१४ जुलै, मंगळवार
हे नीट लिहून ठेवतो, कारण उद्या लोक वाटेल ते बोलतील.

पॉलचा टेम्पो सांगितला होता. मी हाफ डे टाकला आणि बरोबर साडेबाराला शाळेत पोचलो. सकाळची हायस्कूलची पाळी सुटायची आणि दुपारची प्राथमिकची भरायची ती वेळ. सगळ्यांना दिसावं हाच हेतू होता. दुसरी ‘ब’ दुसऱ्या मजल्यावर. पॉलने विचारलं होतं, साहेब, जिना बघून आलात ना? मी म्हटलं, जिन्यासारखा जिना, त्यात काय बघायचं.

पहिल्या वळणावर कपाट अडकलं. वरही जाईना, खालीही येईना. वरून नववी-दहावीची दांडगी पोरं उतरत होती, खालून पिल्लं चढत होती. मध्ये कपाट. पोरांनी ‘गणपती बाप्पा मोरया’ सुरू केलं. छोटी मुलं कपाटाखालून रांगत वर गेली, त्यात आमची क्षितिजापण होती. तिने मला ओळख दाखवली नाही. मी सर्वांना रांगेत उभं राहण्याच्या सूचना देत होतो. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या की रस्त्यापर्यंत ऐकू येतंय. कोणाला तरी बोलणं भागच होतं! नववीच्या दहा पोरांनी ते उचलून शेवटी खाली आणलं, अंगणात ठेवलं आणि सगळी त्यावर चढून बसली.

टीचर खाली आल्या. म्हणाल्या, क्षितिजाचे बाबा, ती खोली आमची नाही हो. दुपारपुरती आमची. सकाळी तिथे नववी बसते. भिंतीला काही लावलं की दुसऱ्या दिवशी त्याला मिशा फुटलेल्या असतात. म्हणून मी सुटताना सगळं दोन पिशव्यांत भरते आणि घरी नेते. पिशवीत मावेल आणि खांद्याला पेलेल एवढंच मला हवं. पत्रिकांची कार्डं करते, जाड असतात, फाटत नाहीत. सभेत तेच सांगत होते.

मग मोठ्याने सांगायचं ना! असं मी म्हटलं. मोठ्याने.

त्यांनी पिशव्या खांद्याला लावल्या आणि जिना चढून गेल्या.

१५ जुलै, बुधवार
कपाट आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, हे इथे किती दिवस. आमच्या मनवेलपाड्यात माणसाला किंमत नाही. पॉलने दोन्ही खेपांचं भाडं घेतलं नाही. म्हणाला, राहू द्या साहेब, आधीच तुमचं बरंच झालंय. दया दाखवतो मला!

कपाट विकायचा विचार आहे. घाईत नाही. योग्य गिऱ्हाईक बघून.

२१ जुलै, मंगळवार
योग्य गिऱ्हाईक आलं. वजनावर मागतो. हाकलून दिलं. प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे.

शाळेच्या फाटकात बाकीच्या आया भेटल्या. एक म्हणाली, स्केचपेन कधी येणार? दुसरी म्हणाली, पोरं अजून एकच डिंकाची बाटली फिरवतायत. मी म्हटलं, नियोजन चालू आहे. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार, काम करणारा मी एकटा.

२५ जुलै, शनिवार
कार्डशीट आणि स्केचपेन आले. प्रिस्का टीचरांनी पगारातून आणले. त्यांना म्हणे तीन महिन्यांचा पगार एकदम मिळाला होता, अजून त्यातून वाण्याचं देणं बाकी आहे. हे सगळं विनयाला कसं माहीत? तर ही बया पहिल्या आठवड्यापासून शाळेत सगळं पाठवत आलीय. पत्रिका, काडेपेट्या, माझ्या ऑफिसचे पाठकोरे कागद. पॉलचं पोतंही कधीच पोचलंय.

माझ्या नाकाखाली! मी विचारलं, मला का सांगितलं नाही? विनया म्हणाली, तुम्हाला काही सांगायचं म्हणजे आधी खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

खिडक्या उघड्याच होत्या. काकू वर आल्या.

टीचरांचे पैसे मी देणार आहे. पुढच्या पगारात. नक्की.

१ ऑगस्ट, शनिवार
टीचरांनी पालकांना वर्गात बोलावलं होतं, मुलांबरोबर बसून कार्डं कापायला. मी राजीनाम्याचं भाषण तयार करून गेलो. सगळे नको-नको म्हणतील, मग मी जड मनाने राहीन, असं ठरवलं होतं. आठ मिनिटांचं भाषण. विनया म्हणाली, नका करू. केलं नाही. वेळच मिळाला नाही. कोणी मला प्रतिनिधी म्हणून हाकच मारली नाही. पॉलने कात्री हातात दिली आणि म्हणाला, कडेकडेने कापा हां.

कापली. नवरा-नवरीची नावं एका बाजूला, मागे टीचर आकडे लिहितात. मुलं जमिनीवर गोल करून बसली होती, मध्ये चिंचोक्यांचा ढीग. दुकान-दुकान खेळत होती. क्षितिजा दुकानदार. सतरातून नऊ, चौदातून सहा, पटापट. चिंचोके सरकवायची आणि उत्तर ओरडून सांगायची. एवढी मोठ्याने! स्टीवन चुकला तर त्याला शिकवत होती. मला उगाच भरून आलं. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, बघा, मी घरी घेतलेला अभ्यास.

मग मी उठून तिच्याजवळ गेलो, वाकलो आणि विचारलं, तेरातून आठ?

अगदी हळू विचारलं. हे लिहून ठेवतो, हळू विचारलं.

तिचा हात चिंचोक्यांवर थांबला. माझ्या तोंडाकडे बघायला लागली. खालचा ओठ आत घेतला. मी म्हटलं, सांग बाळा, सोपं आहे. तिने चिंचोके माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, तुम्हीच सांगा बाबा.

टीचर जवळ आल्या. म्हणाल्या, क्षितिजाचे बाबा, जरा व्हरांड्यात उभे राहता का? ती सांगेल. मी म्हटलं, मी तर ओरडलोसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, हो, नाही ओरडलात. तरी उभे राहा.

बाहेर गेलो. त्या वर्गाचं दार पुरतं लागत नाही. थोड्या वेळाने आतून क्षितिजाचा आवाज आला, पाच. मग कोणीतरी पंधरातून सात विचारलं, तेही सांगितलं आणि हसली. घरी ती इतकी कधी हसत नाही. सगळं पिशव्यांत भरून होईपर्यंत मी बाहेरच उभा राहिलो.